पानपूरक प्रतिभा

चित्रप्रदर्शनाच्या माहितीपत्रकात चित्रकाराच्या प्रेरणेवर एक परिच्छेद असावाच लागतो, आणि तो वाचूनही चित्रं बघायला आत जाणाऱ्याचं धैर्य वाखाणण्यासारखं असतं. अवकाश, अस्तित्व, स्पंदन आणि नेणीव असे चार खांब रोवले की मांडव उभा राहतो. आतलं चित्र मग बैलाचं असो की बादलीचं. तैलरंगवाल्यांना हे शोभून जातं. त्यांचा कॅनव्हास मोठा असतो, रंग ओले असतात आणि चुकलं तर वरून आणखी एक हात मारता येतो, त्यामुळे प्रेरणा भलत्या दिवशी आली तरी निभावतं. लाकडाच्या ठोकळ्यावर चित्र कोरून त्याचे ठसे काढणाऱ्यापुढे मात्र ही भाषा उघडी पडते. त्याच्यासमोर काडेपेटीपेक्षा जरा मोठा ठोकळा असतो, हातात धारदार पोलादी कोरणी असते आणि जे काढायचं ते सगळं उलटं काढायचं असतं. अशा वेळी अनंताचं स्पंदन झालंच, तर हात हलायचा. माझं म्हणणं असं, की ह्या कलेत जिला प्रेरणा म्हणता येईल ती वरून आलेली नाही. ती पानाच्या तळाशी उरलेल्या रिकाम्या जागेतून आली. मजकूर संपला, पान संपलं नाही, आता इथे काय टाकायचं, हा छापखान्यातला सनातन प्रश्न आहे. मराठी मासिकांनी त्याला पानपूरक नावाचं उत्तर शोधलं: एखादा सुविचार, एखादा चुटका, नाहीतर पित्तावर आवळ्याचा उपाय. इंग्लंडच्या उत्तरेला, न्यूकॅसल नावाच्या कोळशाच्या गावात, एका माणसाने ह्याच प्रश्नाची उत्तरं देता देता एक अख्खी कला उभी केली.

ह्या माणसाचं नाव थॉमस ब्यूइक. 1753 साली टाइन नदीकाठच्या चेरीबर्न नावाच्या वाडीत तो जन्मला. बाप शेती करायचा आणि जोडीला एक लहानशी कोळशाची खाण चालवायचा. शाळेत पोराने लॅटिन किती आत्मसात केलं हा प्रश्न वेगळा, पण पुस्तकांच्या समासात जेवढी कोरी जागा होती तेवढी त्याने चित्रांनी भरून टाकली. समास संपल्यावर खडू घेऊन ओव्हिंगहॅमच्या चर्चच्या देवडीतली फरशी भरली, आवारातले थडग्यांचे दगड भरले, घरी चुलीपुढची लादी भरली. हे त्याने स्वतःच म्हातारपणी लिहून ठेवलं आणि त्याच्या मागे, 1862 साली, ते छापलं गेलं. चरित्रकार अशा जागी प्रतिभेची चुणूक बालपणीच दिसल्याचं नोंदवतात. मला त्यात दिसतं ते एवढंच, की ह्या मुलाला मोठा कोरा कागद कुणीच दिला नव्हता. दुसऱ्या कशासाठी तरी असलेल्या वस्तूवर जी जागा उरेल ती त्याची. चौदाव्या वर्षी, 1767 मध्ये, न्यूकॅसलच्या राल्फ बील्बी नावाच्या कारागिराकडे त्याला सात वर्षांच्या उमेदवारीवर चिकटवलं, तेव्हाही हेच घडलं. त्या दुकानात दारावरच्या पाट्या, चमच्यांवरची नावं, घड्याळांच्या तबकड्या, शवपेट्यांवरच्या पट्ट्या आणि कुत्र्यांच्या गळ्यातले पट्टे, असं जे येईल ते कोरलं जाई. धातूवरचं मानाचं काम मालकाचं. लाकडी ठोकळ्याचं हलकं काम आलं की मालक नाक मुरडी आणि ते पोराकडे सरकवी. त्यात चार्ल्स हटन ह्या गणितज्ञाच्या मोजणीवरच्या पुस्तकासाठी भूमितीच्या आकृत्या कोरायच्या होत्या. ब्यूइकने कोरल्या, पण एका आकृतीत मोजायला जो उंच मनोरा हवा होता, तिथे गावातल्या सेंट निकोलस चर्चचं शिखर आणून बसवलं. ‘अ’ ते ‘ब’ रेषेत जागा उरली होती, दुसरं काय!

आता कुणी म्हणेल, की रिकामी जागा तर प्रत्येक पुस्तकात असते, मग ही कला लाकडातच का फुलली, तांब्यात का नाही? ह्याचं उत्तर स्फूर्तीच्या खात्यात शोधून सापडणार नाही, ते छापखान्याच्या खर्चाच्या वहीत आहे. तांब्याच्या पत्र्यावर रेघ खोल कोरतात आणि शाई त्या खोबणीत बसते. ती बाहेर ओढायला वेगळं यंत्र, प्रचंड दाब आणि ओलसर कागद लागतो. म्हणजे मजकूर एकदा छापायचा आणि चित्रासाठी तोच कागद पुन्हा दुसऱ्या यंत्रातून काढायचा. एवढा खटाटोप राजाच्या तसबिरीसाठी कुणीही करील. पानाच्या तळाशी उरलेल्या दोन इंचांसाठी करणार नाही. लाकडाच्या ठोकळ्याचं उलट आहे. त्यात न कोरलेला पृष्ठभाग शाई घेतो, खिळ्यांसारखाच. ठोकळा खिळ्यांच्या उंचीचा कापला की जुळारी तो खिळ्यांच्या शेजारी फर्म्यात आवळून टाकतो, आणि एकाच दाबात अक्षर आणि चित्र दोन्ही कागदावर उतरतात. शिवाय तांब्याची रेघ काही शे, फार तर काही हजार प्रतींत झिजते. लाकडाला झिजायची घाई नसते. वर्तमानपत्रासाठी केलेल्या आपल्या एका ठोकळ्याने नऊ लाखांवर ठसे दिल्याचा ब्यूइकचा दावा होता. कारागिराच्या दाव्यात थोडं पाणी धरलं तरी उरतं ते पुष्कळ आहे. थोडक्यात, चिमूटभर जागेत फुकटात चित्र घालण्याची सोय लाकडाने केली, आणि फुकटात होतंय म्हटल्यावर मालकांनाही कलेची कदर वाटू लागली.

ह्या सोयीचं सोनं झालं ते पक्ष्यांच्या पुस्तकात. ब्रिटनमधल्या पक्ष्यांचा हा ग्रंथ दोन खंडांत निघाला, जमिनीवरचे पक्षी 1797 मध्ये आणि पाणपक्षी 1804 मध्ये. मांडणी साधी होती: वर पक्ष्याचं चित्र, खाली वर्णन, आणि नवा पक्षी नव्या पानावर. पण पक्षी निसर्गाने पानाच्या मापाने घडवलेले नाहीत. काहींबद्दल सांगायला दीड पान लागतं, काहींबद्दल अर्ध्या पानातच ज्ञान संपतं. खाली जे उरे ते ब्यूइक भरायचा, आणि इथे त्याला विचारणारं कुणी नव्हतं. वरचा पक्षी बरोबर आहे की नाही हे पक्षीतज्ज्ञ तपासणार. खालच्या दोन इंचांवर कुठल्याच शास्त्राचा हक्क नव्हता. त्या जागेत त्याने टाइनकाठचं सगळं जग आणून बसवलं. एक माणूस पुलाचा टोल वाचवायला गाईचं शेपूट धरून नदीतून निघालाय आणि त्याची टोपी वाऱ्याने उडून पाण्यात चालली आहे. टोपीची किंमत टोलपेक्षा जास्त, हा हिशेब चित्रात कुठे लिहिलेला नाही, पण टोलनाक्यावर उभ्या राहिलेल्या कुठल्याही माणसाला तो पाठ असतो. एक पोरगं घोड्याचं शेपूट ओढतंय, आणि पलीकडून त्याची आई जिवाच्या आकांताने धावत येतेय. घोड्याने अजून काही केलेलं नाही. चित्र बरोबर त्या क्षणावर थांबलंय आणि दोनशेहून अधिक वर्षं वाचकाच्याच पोटात गोळा उठतोय. मुलं थडग्यांचे दगड मांडीखाली घेऊन घोडदळाचा हल्ला करताहेत. दगडांवरच्या मृतांच्या कीर्तीचा लगाम त्यांच्या हातात. लाकडी पायाचा म्हातारा शिपाई हाड चघळतोय आणि शेजारचं कुत्रं त्याच हाडाकडे बघतंय, हे चित्र सैनिकांच्या निवृत्तिवेतनावरच्या कुठल्याही निबंधापेक्षा अधिक सांगतं आणि जागाही कमी घेतं.

एकदा तर ही मोकळीक अंगाशी आली. एका पानपूरकात घराच्या आडोशाला, कसल्याशा कुडाच्या मोडक्या शौचकूपात बसलेला माणूस पाठीमागच्या बाजूने जरा जास्तच दिसत होता. पुस्तकाच्या काही प्रती बाहेर गेल्यावर कुणाच्या तरी भुवया चढल्या. मग उरलेल्या प्रतींत त्या माणसाच्या उघड्या भागावर हाताने शाई फासण्यात आली, आणि पुढे ठोकळ्यातच पाचर बसवून त्यावर फळ्या कोरल्या. अब्रू झाकायला सुतारकाम करावं लागलं असं हे कलेच्या इतिहासातलं दुर्मिळ उदाहरण. आज जुन्या पुस्तकांचे संग्राहक प्रत हातात आली की आधी हेच पान उघडतात, आणि शाई आहे, फळी आहे, की मूळ सत्य आहे ह्यावरून प्रत आधीची का नंतरची ते ठरवतात. पक्षी त्यानंतर बघतात.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. ग्रंथ पक्ष्यांचा, ब्यूइकची कीर्ती पक्ष्यांची, आणि तुम्ही शेपटाला हत्ती म्हणताय. हा आक्षेप मी अर्धा मानतो. त्याच्या काही पक्ष्यांच्या पिसांचा मऊपणा लाकडात उतरलेला पाहिला की वाद घालायची इच्छा मरते. पण पक्ष्यांमध्येही डावं-उजवं आहे, आणि ते का आहे हे बघण्यासारखं आहे. 1791 मध्ये मार्माड्यूक टन्स्टल ह्या दिवंगत धनिकाच्या यॉर्कशायरमधल्या संग्रहात बसून ब्यूइकने पेंढा भरलेले पक्षी रेखाटले. पेंढा भरणाऱ्याला पक्ष्याचं मरण ठाऊक होतं, बसणं नव्हतं. मान तिसरीकडे, पाय चौथीकडे. ब्यूइक वैतागला आणि पुढे शक्यतो जिवंत किंवा नुकतेच मारलेले पक्षी मिळवू लागला. म्हणजे संग्रहालयाने सन्मानाने समोर ठेवलेला नमुना त्याच्या कामाचा नव्हता. बांधावर बसलेला, त्याला कुणी आमंत्रण न दिलेला पक्षी कामाचा होता. शिवाय वाचकांचा कौल काय आहे ते बघा. शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’ ह्या 1847 च्या कादंबरीच्या आरंभीच नायिका पडद्याआड लपून ब्यूइकचंच पुस्तक वाचत बसली आहे. काही पानं वगळता मजकुराची तिला मातब्बरी नाही. तिचा जीव अडकलाय तो थडगी, बुडती जहाजं आणि भुतंखेतं असलेल्या त्या शेवटच्या छोट्या चित्रांत. पहिल्या खंडातला मजकूर बील्बीने, म्हणजे जुन्या मालकाने आणि नंतरच्या भागीदाराने, लिहिलेला होता. ग्रंथकर्ता म्हणून आपलं नाव छापावं अशी त्याची इच्छा होती, त्यावरून दोघांचं फाटलं आणि भागीदारीही मोडली. लेखकाने मन लावून पक्ष्यांचं वर्णन करावं आणि वाचकांनी वर्णन संपतं कुठे एवढंच बघावं, ह्यासारखा अपमान साहित्यात दुसरा नाही. पण पुरावा म्हणून तो मला फारच सोयीचा आहे.

दुसरा आक्षेप हुन्नराच्या बाजूने येतो. जागा रिकामी असून काय उपयोग, ती भरायला हात लागतो. तेव्हा श्रेय हाताला द्या, जागेला कसलं? कबूल. पण हा हात घडला कसा हे पाहिलं तर तिथेही तंगीच भेटते. जुने लाकडी ठसे उभ्या चिरलेल्या फळीवर सुरीने काढत. रेषा रेशांच्या दिशेने धावे आणि आडवी गेली की लाकूड उसवे. ब्यूइकच्या पद्धतीत ठोकळा खोडाच्या आडव्या कापाचा असतो, म्हणजे वाढीची वलयं दिसतात ती बाजू वर. त्यात कोरणी कुठल्याही दिशेला सारखीच चालते. ह्यासाठी लाकूड बॉक्सवूडचं लागतं, आणि हे झाड वाढण्याच्या बाबतीत सरकारी फायलीच्या वळणावर गेलेलं आहे. शतकभर उभं राहून खोड जेमतेम काही इंच जाड होतं. म्हणजे चित्र किती मोठं असावं हे कलावंताच्या आत्म्याने ठरवायच्या आधी झाडाच्या कंबरेने ठरवून टाकलेलं असतं. मग ते लाकूड वर्षानुवर्षं वाळवायचं, तासून आरशासारखं गुळगुळीत करायचं, वाळू भरलेल्या चामडी उशीवर ठेवायचं. वक्र रेघ काढताना उजव्या हातातली कोरणी जवळपास जागेवरच राहते, डावा हात ठोकळा तिच्याखाली फिरवतो. जग आपल्याभोवती फिरतंय असा कलावंतांचा समज असतोच. इथे तो कामापुरता खरा होतो.

कोरायचं म्हणजे उजेड कोरायचा, हे त्यातलं खरं कठीण. ठोकळ्याला हात लावला नाही तर छापून निघतो काळाकुट्ट चौकोन. कोरणीच्या प्रत्येक ओरखड्याने त्या अंधारात एक पांढरी रेघ येते. कागदावर पेन्सिलीने माणूस सावल्या मांडत जातो, इथे सावल्या आधीच भरलेल्या असतात आणि आपण ऊन मांडत जायचं. एकदा मांडलेलं ऊन परत घेता येत नाही. चूक फारच मोठी असली तर ठोकळ्याला भोक पाडून पाचर ठोकायची आणि त्यावर नव्याने कोरायचं, हा उपाय वर सांगितलेल्या शौचकूपात दिसलाच. ब्यूइकची आणखी एक युक्ती होती. दूरचे डोंगर, धुकं, आभाळ जिथे फिकट हवं तिथे तो कोरण्याआधीच ठोकळ्याचा पृष्ठभाग किंचित खरवडून खाली नेई. तिथे दाब कमी पडे, शाई कमी लागे आणि अंतर आपोआप पडे. हे सगळं दोन-तीन इंचांत, आणि उलटं. पाटीवरची अक्षरं उलटी, माणसं डावखुरी. इतक्या अडचणीत सापडलेल्या माणसाला मोठा विचार सुचत नाही; त्याला टोपी उडालेला माणूस सुचतो. ही त्या माध्यमाची मर्यादा आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी मोठ्या विचारांची तैलचित्रं पाहावीत.

मोठं काम करायची संधी ब्यूइकला मिळाली नाही असं नाही. त्याच टन्स्टलने 1789 मध्ये, म्हणजे हयात असताना, त्याच्याकडून चिलिंगहॅमच्या बागेतल्या रानटी पांढऱ्या बैलाचं चित्र करवून घेतलं. ब्यूइकने ते आयुष्यातलं मोठं काम मानलं. बैल बघायला तो रांगत, झुडपांआड लपत गेला; कळप चौखूर फिरून अंगावर वळू लागल्यावर चित्र काढणं जमेना, तेव्हा प्रतिस्पर्ध्याकडून हरून एकटा पडलेला बैल त्याने गाठला. चित्रात जो राजेशाही ऐटीत उभा आहे तो मुळात निवडणूक हरलेला उमेदवार आहे. ठोकळा ब्यूइकच्या नेहमीच्या कामांच्या मानाने अवाढव्य, भोवती नक्षीदार चौकट. आणि थोड्याच प्रती निघाल्या तोवर तो तडकला. लाकडाने आपलं मत दिलं. पुढे चौकट काढून, ठोकळा आवळून ठसे काढले गेले, पण नऊ लाखांचा पल्ला गाठणाऱ्या वर्तमानपत्री ठोकळ्यापुढे ह्या बैलाची गत केविलवाणीच. आयुष्याच्या शेवटीही ब्यूइकला मोठ्या चित्राचा मोह पुन्हा झाला. मरणाची वाट पाहणारा एक थकलेला घोडा त्याने घेतला आणि 1828 मध्ये तो अपुरा ठेवून स्वतःच आधी गेला. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेचा पक्षीचित्रकार जॉन जेम्स ऑड्युबॉन त्याला भेटायला आला होता. ऑड्युबॉन प्रत्येक पक्षी खऱ्या मापात छापायच्या हट्टाने जवळजवळ मीटरभर उंचीच्या पानांचा ग्रंथ काढत होता. रोहित पक्ष्याला त्यातही मान वाकवून बसावं लागलं. सत्तरी ओलांडलेला ब्यूइक तेव्हा काय करत होता? रात्री झाडाच्या वेड्यावाकड्या मुळ्यांना भुतं समजून घाबरलेला एक कुत्रा कोरत होता, कुठल्याशा पानाच्या तळासाठी.

पण ह्या युक्तिवादाला खरा धोका आहे तो विल्यम ब्लेकचा. झाडावर देवदूत दिसणारा, प्रेषितांशी गप्पा मारणारा हा कवी-चित्रकार. प्रेरणा आकाशातून येते ह्याचा त्याहून सज्जड साक्षीदार आणायचा कुठून? आणि त्याने लाकडावर कोरलेली चित्रं तर इंग्लंडच्या कोरीव चित्रकलेतली रत्नं मानली जातात. सारं खरं. आता ती चित्रं कशासाठी होती ते पाहू. रॉबर्ट थॉर्नटन नावाच्या डॉक्टरने शाळकरी पोरांसाठी व्हर्जिलच्या काव्याची आवृत्ती काढली होती, तिच्या 1821 च्या आवृत्तीसाठी. जन्मभर तांबं कोरलेल्या ब्लेकने साठी उलटल्यावर पहिल्यांदा लाकूड हातात घेतलं आणि 17 चिमुकली चित्रं कोरली. धंदेवाईक कोरणाऱ्यांनी ती पाहून नाकं मुरडली. प्रकाशकाने ठोकळे पानात बसावेत म्हणून कडेने कापले. काही मोठ्या चित्रकारांनी बाजू घेतली म्हणून ती वाचली, तरी पुस्तकात एक टीप घालून डॉक्टरांनी खुलासा केलाच, की ह्यांत कौशल्यापेक्षा प्रतिभा जास्त आहे. नवशिक्याच्या निकालपत्रावर मास्तर ‘हुशार आहे, पण अभ्यास करीत नाही’ असं लिहितात, तो हा शेरा. त्या चिंचोळ्या, कडा छाटलेल्या चांदण्या रात्रींतून चित्रकार सॅम्युएल पामर आणि त्याच्या मित्रांची अख्खी पिढी उजळून निघाली. देवदूत ब्लेकला आयुष्यभर दिसत होते, हे मी नाकारत नाही. पण लाकडात ते उतरायला क्रमिक पुस्तकातली अपमानास्पद जागा मिळावी लागली, हेही कुणी नाकारू नये.

ह्याच्या उलट गोष्ट पुढच्या पन्नास वर्षांत घडली, आणि ती लवकर आटपते. 1842 मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ निघालं आणि लाकडी ठोकळ्याला एकदम पहिल्या पानाचा मान मिळाला. आता युद्धं, राज्यारोहणं, आगी, अशी पानभर चित्रं हवीत, तीही दर आठवड्याला. झाड काही रुंद होईना. मग लहान ठोकळे मागून बोल्टांनी जोडायची युक्ती निघाली: अख्ख्यावर चित्र काढायचं, बोल्ट सोडायचे, तुकडे वेगवेगळ्या कारागिरांना वाटायचे, प्रत्येकाने रात्रभर आपल्या वाट्याचं कोरायचं आणि सकाळी पुन्हा बोल्ट आवळायचे. एकाच्या वाट्याला राणीचा चेहरा येई, दुसऱ्याच्या वाट्याला आठ वर्षं आभाळ. घाईत जुळणी ढिली राहिली की छापील चित्रात सांध्यांच्या पांढऱ्या रेघा दिसत आणि युद्धभूमीवर खिडकीची चौकट उमटे. चित्र काढणारा एक आणि कोरणारा दुसरा, अशी फाळणी झाल्यावर प्रेरणा एका पगारावर आणि मेहनत दुसऱ्या पगारावर गेली. डॅल्झिएल बंधूंसारख्या कारखान्यांत कसब अचाट होतं. 1865 च्या ‘ॲलिस’मधली जॉन टेनियलची चित्रं त्यांनीच कोरली, आणि ती मजकुराच्या कुशीत, ओळींच्या मधे बसवलेली आहेत हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये सुरुवातीच्या काळात लाकडावरची कोरणी शिकवली गेली ती ह्याच धंद्याच्या भरात. मग छायाचित्राचा ठिपक्यांचा ब्लॉक आला आणि शतक संपता संपता पानभर मान मिळवलेला हा धंदा बसला. मानाची जागा दुसऱ्याला देता येते. तळाची दोन इंच जागा छायाचित्राने मागितलीच नाही, म्हणून तिथे कोरणी टिकली.

आता शेवटचा आक्षेप, आणि हा वाचकांपेक्षा संपादकांच्या मनात येईल. रिकामी जागा एवढी फलद्रूप असेल, तर आमच्या दिवाळी अंकांतली पानपूरकं अजरामर का झाली नाहीत? छापखान्यांकडेही पूर्वीपासून वेलबुट्टी, फुलदाण्या, चांदण्या असे तयार ठसे होतेच. ब्यूइकच्या आधी शंभर वर्षं पानं भरली जात होती, कला कुठे झाली? ह्याचं उत्तर असं, की वेलबुट्टीने जागा भरते, पण तिथे कुणी राहायला येत नाही. तयार ठसा कुठल्याही पानाच्या तळाशी चालतो, तोच त्याचा गुण आणि तोच दोष. ब्यूइकने त्या जागेला उरलेली जागा मानलंच नाही. वरच्या पक्ष्याइतकाच वेळ, तेवढंच डोळे फोडणारं काम त्याने तिथे ओतलं, आणि वरच्या पक्ष्यापेक्षा तिथे अधिक खरं बोलला, कारण तिथे खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. आपल्याकडे आवळ्याचा उपाय लिहिणारा माणूस आवळ्याशी एवढा प्रामाणिक असतो का, हे संपादकांनी स्वतःला विचारावं. बंगालचे हरेन दास (1921–1993) ह्यांनी कलकत्त्यात लाकडावर कोरलेली खेडी पाहिली की हीच गोष्ट दिसते: आकार लहान, विषय बैलगाडी, तळं, पाणी भरणाऱ्या बाया; आणि त्या लहान आकाराबद्दल कुठेही दिलगिरी नाही.

इंग्लंडमध्ये 1920 साली काष्ठकोरणाऱ्यांची संस्था निघाली आणि चित्र काढणारा व कोरणारा पुन्हा एकच माणूस झाला. त्या पिढीतल्या एरिक रॅव्हिलिअसने 1938 च्या ‘विस्डेन’च्या मुखपृष्ठासाठी उंच टोप्या घातलेले दोन जुने सद्गृहस्थ कोरले, एक फलंदाज आणि एक यष्टीरक्षक. क्रिकेटच्या ह्या पोथीचं दर्शन ज्यांनी दादरच्या वाचनालयात काचेच्या कपाटातून घेतलं असेल, त्यांनी हे दोघे पाहिलेले आहेत. कोरणाऱ्याचं नाव मात्र शंभरांत एकाला सांगता येणार नाही, आणि त्या एकालाही मुश्ताक अलीची सरासरी विचारल्यावरच बरं वाटेल. 2003 मध्ये मालकांनी काळाबरोबर जायचं ठरवलं आणि मुखपृष्ठावर चालू खेळाडूचं मोठं रंगीत छायाचित्र आणलं. जुने वाचक खवळले. मग तडजोड झाली: छायाचित्र मोठंच राहिलं आणि टोपीवाल्यांना आकसून, उरलेल्या जागेत बसवण्यात आलं. छायाचित्रातला खेळाडू दर वर्षी बदलावा लागतो, कधी फॉर्म जातो म्हणून, कधी कर्णधारपद जातं म्हणून. टोपीवाल्यांना बदलायची सूचना त्यानंतर कुणी केल्याचं ऐकिवात नाही.